दोन हात गडगा

अबू सालेमच्या मळ्यावरच्या विहिरीचं पाणी इतकं मचूळ होतं, की त्यात चहा टाकला तर पत्तीसुद्धा तोंड वाकडं करी. तरी दर शुक्रवारी अबू सालेम कुवेत शहरातून दोस्तांना मोटारीत कोंबून वफ्र्याच्या या मळ्यावर येई, राखणदार इद्रीसच्या हातचा चहा पिई आणि मांडीवर थाप मारून म्हणे, "वल्ला! ऐसा चाय पूरा बंबई में नहीं!" त्याने ऐन तारुण्यात दहा वर्षं मुंबईला खजूर विकला होता. त्यामुळे त्याचं हिंदुस्थानी मोडकं असलं, तरी मुंबईच्या चहाबद्दल त्याचं मत पक्कं होतं.

"हाथ का गोडी है, साब," इद्रीस मान खाली घालून सांगे.

गोडी हाताची नव्हती, शेजारच्या हाजीच्या विहिरीची होती. हाजीच्या मळ्यावर राखणीला बदरुद्दीन होता. इद्रीस दाभोळ खाडीचा, बदरुद्दीन श्रीवर्धनचा. रोज सकाळी बदरुद्दीन शिडी लावून चौथऱ्यावरच्या उंच पत्र्याच्या टाकीवर चढे, वरच्या झाकणातून डबा बुडवून गोडं पाणी काढी आणि दोन डबे इद्रीसला देई. त्या टाकीला खाली तोटी नव्हती. दोन वर्षं बदरुद्दीन तोटी मागत होता आणि दोन वर्षं हाजी "पुढल्या महिन्यात, इन्शाअल्ला" म्हणत होता. चढून चढून बदरुद्दीनचे गुडघे कुरकुरायला लागले होते, पण शेजारधर्म कुरकुरला नव्हता.

तो कुरकुरला सन त्रेसष्टच्या हिवाळ्यात. त्याला कारण अबू सालेमची नवी रायफल.

अबू सालेम पन्नास पावलांवर तुपाचा रिकामा डबा ठेवून नेम मारी. नेमबाजी दुपारच्या नमाजानंतर चाले, म्हणून डोळ्यांवर ऊन नको या हिशेबाने डबा पूर्वेला ठेवला जाई. पूर्वेला हाजीचा मळा होता. हाजीही मुंबई करून आलेला, नोकरांसमोर हिंदुस्थानीच बोलणारा सभ्य माणूस, त्याने निरोप पाठवला, "गोळ्या तुमच्या, उंट माझे. मध्ये काहीतरी असावं."

अबू सालेमने इद्रीसला बोलावलं. "डब्बे के पीछे रेती का दीवार बनाव. अगले जुम्मे को हाजी खुद आएगा, देखने को."

इद्रीसने तांदळाच्या रिकाम्या गोण्या रेतीने भरल्या आणि तीन दिवस खपून पुरुषभर उंचीची भिंत रचली. आता कुणी दुसऱ्या मुलखाचा माणूस असता, तर त्याने गोण्यांचा ढीग घातला असता आणि मोकळा झाला असता. पण इद्रीस कोकणातला. दोन माणसांच्या जमिनींच्या मध्ये काही रचायचं म्हटलं, की त्याचे हात आपोआप हद्दीचा गडगा घालू लागत. सुतात सरळ, सांध्यावर सांधा न येऊ देता, वर निमुळता. डब्यापुरती भिंत पुरली असती. याने ती दोन्ही बाजूंना वीस-वीस पावलं लांबवली. काम संपल्यावर तो मागे सरून बघत राहिला. डोळे भरून आले बिचाऱ्याचे. फक्त वर बसायला एक वांदर नव्हता.

चौथ्या दिवशी सकाळी तो पाण्याचे डबे घेऊन गेला, तर बदरुद्दीन शिडी आडवी टाकून तिच्यावर बसलेला.

"पाणी, बदरूभाई."

"कसलं पाणी? आधी गडग्याचं बोल."

"गडगा नाय तो. गोळ्या अडवायला भिंत हाय."

"मना शिकवतोस? माझ्या बापाने चुलत्याशी गडग्यापायी एकवीस वर्षं कोर्ट खेळलं. मना गडगा वळखता येत नाय? दोन हात आत घातलास तू. आमच्यात."

इद्रीसने आजूबाजूला पाहिलं. चहूकडे क्षितिजापर्यंत रेतीच रेती. ना झाड, ना दगड, ना खूण. "तुमच्यात म्हंजे कुठं? हद्द कुठं हाय हितं?"

"मी रोज सकाळी जिथवर फिरायला जातो, तिथवर आमचं."

"अवो, जमीन हाजीची, नि ती अबू सालेमची. आपला काय संबंध?"

"आज दोन हात घेशील, उद्या विहीर घेशील," बदरुद्दीन म्हणाला. "गडगा मागं घे, मग पाणी."

एरवी इद्रीस भांडला असता. गडग्याचं भांडण म्हणजे कोकणी माणसाला मेजवानीच. पण घरून पत्र आलं होतं. त्याच्या रबियाचा निका ठरला होता, बोट पुढल्याच बुधवारी होती, आणि रजा मागायची ती याच शुक्रवारी, अबू सालेम पहिला घोट घेऊन मांडीवर थाप मारील त्या क्षणी. चहा मचूळ, तर थाप नाही. थाप नाही, तर रजा नाही. आणि रजा नाही, तर बापाशिवाय पोरीचा निका. बायकोने, आमिनाने, पत्राच्या शेवटी लिहवून घेतलं होतं, "रबिया रोज विचारते, बाबा येनार ना."

म्हणून शुक्रवारी पहाटे फजरचा नमाज झाल्या झाल्या इद्रीस गडगा उतरवायला लागला. बदरुद्दीन पलीकडे उकिडवा बसून देखरेख करत होता. डब्यामागची भिंत कमरेपर्यंत उतरली, तेव्हा तो उठला, शिडीवर चढला आणि एक डबा पाणी घेऊन आला.

"एकच?"

"गडगा अर्धा, पाणी अर्धं."

तेवढ्यात धूळ उडाली. दुपारी यायचा तो अबू सालेम सकाळीच हजर, आणि मोटारीत पुढच्या सीटवर खुद्द हाजी! इद्रीसने धावत जाऊन खजुराच्या झावळ्यांची मोठी चटई आणली आणि दोन बांबू रोवून कमरेवरच्या मोकळ्या जागेत ताणून बांधली. लांबून बघणाऱ्याला वाटावं, भिंत पुरी आहे आणि वर सजावट केली आहे.

"माशाअल्ला," हाजी लांबूनच म्हणाला. "कालीन भी लगाया!"

चहा झाला. अर्धं पाणी पहिल्या फेरीला बरोबर पुरलं. अबू सालेमने घोट घेतला, मांडीवर थाप मारली, आणि इद्रीस पुढे झाला.

"साब, एक अर्ज है. बेटी का निकाह…"

"अरे, हाजी!" अबू सालेमला एकदम काहीतरी आठवलं. "ये मेरा इद्रीस मालूम है तुम को? अपने मुलुक में बीस सूअर मारा! बंदूक से!"

इथे थोडं मागे जायला हवं. नोकरी धरतेवेळी अबू सालेमने विचारलं होतं, "शिकार आता है?" आणि इद्रीसने "आता है" म्हटलं होतं. खोटं काही नव्हतं. त्याच्या गावात डुकरं शेत उकरायला लागली, की बार काढणारे बंदुका घेऊन रानात बसत आणि बाकीचे डबे बडवत डुकराला त्यांच्याकडे हाकलत. इद्रीस डबे बडवणाऱ्यांत. त्याच्यासारखा डबा पंचक्रोशीत कुणी बडवला नसेल. पण बंदुकीला त्याने हात लावला होता तो एकदाच, पुसायला.

"निकाह को जाना?" अबू सालेमने रायफल पुढे केली. "एक गोली. डब्बा गिराव, और जाव. दो महिना छुट्टी!"

इद्रीसने रायफल घेतली. पन्नास पावलांवर, डोळ्यांवर येणाऱ्या सकाळच्या उन्हात, तुपाचा डबा चकाकत होता. डबा बडवायचा असता, तर त्याने सुरात बडवला असता. त्याने दस्ता खांद्याला लावला, रबियाचं नाव घेतलं, बिस्मिल्ला म्हटलं, डोळे घट्ट मिटले आणि घोडा ओढला.

धडाम!

डोळे उघडले तर डबा तसाच. जरासुद्धा हलला नव्हता. उलट मघापेक्षा जास्तच चकाकतोय असं इद्रीसला वाटलं. तेवढ्यात पलीकडून आवाज आला, सुर्रर्रर्र…

सगळे त्या दिशेने निघाले. चटईला मधोमध एक नेटकं भोक होतं. भोकातून सरळ पाहिलं, की हाजीची टाकी दिसे. टाकीला तळापासून वीतभर वर तस्संच भोक, आणि त्यातून पाण्याची बोटभर धार इद्रीसच्या बाजूला पडत होती. विहिरीच्या इंजिनाच्या खोपटाच्या दारातून हे बघत असलेला बदरुद्दीन धावत आला आणि भोकात बोट घालून उभा राहिला.

हाजीने टाकी पाहिली. मग कमरेएवढी भिंत पाहिली. मग इद्रीसला पाहिलं. इद्रीसच्या डोळ्यांपुढून बुधवारची बोट भोंगा वाजवत निघून गेली.

"बदरुद्दीन," हाजी सावकाश म्हणाला, "ये क्या है?"

बदरुद्दीनने इद्रीसकडे पाहिलं. खरं सांगितलं, तर पुढचा सवाल येणार होता: भिंत अर्धी कुणी केली? त्याला तो सवाल टाकीइतकाच स्वच्छ दिसत होता. शिवाय बोटाशी गार पाणी झुळझुळत होतं. दोन वर्षांनी पहिल्यांदाच शिडीवर न चढता पाण्याला हात लागला होता.

"तोटी है, साब," बदरुद्दीन म्हणाला.

"तोटी?"

"मैंने बोला इसको. तोटी का छेद मार के दे. इसलिए दीवार भी नीचे किया." आणि त्याने दुसऱ्या हाताने कमरेचा सुरा काढला, झावळीचा दांडा दातात धरून तासला आणि खुंटी भोकात ठोकली. धार थांबली. खुंटी काढली, धार सुरू. घातली, बंद. "देखो."

हाजीने स्वतः दोनदा खुंटी काढून घातली. मग तो चटईच्या भोकाकडे वळला, मग पार तिकडे दूर राहिलेल्या चहाच्या पेल्यांकडे. "इतना दूर से? चटई के पीछे का? बिना देखे?"

"आँख बंद कर के!" अबू सालेम ओरडला. "मैंने देखा! दोनों आँख बंद!" त्याने इद्रीसला मिठीच मारली. "सूअर तो सूअर, टाकी भी! जाव, दो नहीं, तीन महिना जाव!"

इद्रीसला रडू आलं. ते नेमबाजाच्या नम्रतेचं असावं असा सगळ्यांनी समज करून घेतला. पण हाजी अजून टाकीभोवती फिरत होता. "मेरा दूसरा टाकी भी है," तो म्हणाला. "घर के पास. उसको भी ऐसा मारो. अभी."

हाजीच्या घराजवळ हाजीची बायको होती, सात उंट होते आणि नवी कोरी मोटार होती. इद्रीसने बदरुद्दीनकडे अशा नजरेने पाहिलं, की डुकरानेही इद्रीसच्या डब्याकडे कधी पाहिलं नसेल.

बदरुद्दीन खाकरला. "हाजीसाब, हमारे कोकण में रिवाज है. एक पडोसी के घर पे एक ही बार. दूसरा बार मारा तो दुश्मनी हो जाता है."

हाजी विचारात पडला. मग त्याने मान डोलावली. रिवाज म्हटला, की माणसाने मागे सरावं, हे त्यालाही कळत होतं.

पाहुणे परत चहाकडे गेले. मागे दोघं उरले.

"बदरूभाई," इद्रीस म्हणाला, "तुमचे उपकार मी कवा…"

"गप रे. पोरीचा निका हाय. माझा सलाम सांग तिला." बदरुद्दीनने खुंटी काढली, दोन्ही डबे काठोकाठ भरले आणि इद्रीसच्या हातात दिले. "डबा बडवायचास ना तू? रायफल धरलीस तवाच वळखलं मी."

बुधवारी इद्रीस बोटीत बसला. पण त्याआधी तीन दिवस, कुणी न सांगता, त्याने आपला गडगा पुन्हा पुरुषभर उंच रचला. सुतात सरळ, वर निमुळता, आणि दोन हातांऐवजी चांगला चार हात मागे. बदरुद्दीन पलीकडून गोण्या धरायला होता. काम झाल्यावर दोघांनी पावलं टाकून मोजलं, आणि इद्रीस भरल्या मनाने म्हणाला, "घ्या, बदरूभाई. खुशीने दिले."

अशी अबू सालेमची चार हात जमीन हाजीला मिळाली. दोन्ही मालकांना याचा पत्ता शेवटपर्यंत लागला नाही.