दोन वाघ्यांची भावकी

दिगंबरतात्या शिंदे रस्त्यात भेटलेल्या माणसाला नाव विचारत नाहीत. त्याच्याबरोबर कुत्रं असेल तर थेट विचारतात, "ह्येचं मामकूळ कोन्तं?" समोरचा गोंधळला की तात्यांना वाटतं, हा काहीतरी लपवतोय.

औशात तात्या आमचे शेजारी. घरात ते आणि त्यांची पश्मी कुत्री राणी, तिसरं कोणी नाही. पश्मी म्हणजे आपल्या लातूरकडची शिकारी जात, लांब पायांची, कानाशेपटीला रेशमी केसांची. तात्यांचं ब्रीद एकच: "रगत लांबचं पायजे." गल्लीतल्या एकानं घरच्या घरात बहीणभावाची जोडी लावली. पिल्लं वाकड्या जबड्याची निघाली, त्यांना आईचं दूध ओढता येईना. तात्या कापसाच्या बोळ्यानं दूध पाजत बसले आणि पाजता पाजता मालकाचा उद्धार करत राहिले. तो अजून आमच्या दारावरून जात नाही.

साहजिकच राणीचं लग्न जमेना. एका स्थळाची आजी राणीची मावशी निघाली, दुसऱ्याचा बाप तिचा सख्खा काका. मी एकदा म्हणालो, "तात्या, आता पत्रिकाही बघा."

"पत्रिका लबाड असती, मास्तर. वंशावळ न्हाई!"

इकडे राणीचं वय होत चाललं. आता पिल्लं झाली नाहीत तर तात्यांची ही नसल तिच्यापाशीच संपणार होती. अशात उमरीहून स्थळ आलं. कुत्रा देखणा, छाती भरदार. तात्या खूश झाले, वंशावळ उघडली आणि त्यांचं तोंडच उतरलं. दोघांच्याही पणज्याचं नाव वाघ्या!

"भावकी निघाली. मोडा."

"अहो, वाघ्या काय, गावोगाव असतात!" मी म्हणालो. तात्या ढिम्म.

शेवटी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी तोडगा काढला. दोघांच्या गालाच्या आतून कापूस लावलेली काडी फिरवायची आणि ती प्रयोगशाळेत पाठवायची. रक्ताचं नातं किती जवळचं, ते तिथं मोजतात. राणीनं पहिली काडी चावून खाल्ली. दुसरी कशीबशी गेली. निकाल येईपर्यंत तात्यांना जेवण गोड लागलं नाही.

बाई निकाल घेऊन घरीच आल्या. "तात्या, काही नातं नाही. ते दोन वाघ्या वेगळेच होते. खुशाल बार उडवा."

मला वाटलं, तात्या आता पेढ्याला धावतील. ते ओट्यावर खाली बसले.

"म्हंजे नाव एक असलं तरी रगत येगळं राहू शकतंय?"

"हो की," बाई म्हणाल्या आणि पुढच्या कामाला गेल्या.

तात्यांनी राणीला जवळ ओढलं. मग म्हणाले, "मास्तर, माझं बी स्थळ उमरीचंच होतं. आवडली होती मला लई. पर ती बी शिंदेच. म्हातारे म्हन्ले, आडनाव एक, भावकी हाय. मोडलं. मग म्या दुसरीकडं बघितलंच न्हाई."

इतक्या वर्षांचा शेजार, आणि मला हे ठाऊक नव्हतं. फार वाईट वाटलं.

तात्यांनी फणी घेतली आणि राणीचे कान विंचरू लागले.

"राणे, तुझ्या टायमाला ही काडी निघाली बग," ते म्हणाले. "तू जा उमरीला."