मोरे बाईंची चूक

आमच्या मोरे बाई सकाळी प्रयोगशाळेत शिरल्या की नमस्कार-चमत्कार करत नाहीत. थेट विचारतात, "काटे?"

बाई पोलादपूरकडच्या, रसायनशास्त्रातल्या डॉक्टर. महाडच्या एमआयडीसीत आम्ही दोघं बॅटऱ्यांवर काम करतो. लिथियमची बॅटरी चार्ज करताना आत धातूला बारीक काटे फुटतात, ते मधला पडदा भोसकतात आणि बॅटरी मरते. लिथियममध्ये थोडं मॅग्नेशियम मिसळून हे काटे थांबवायचे, एवढाच बाईंचा संसार. स्वभाव मात्र अवघड. चूक कबूल करणं ठाऊकच नाही. आमटी खारट झाली तर त्या मिठाला दोष देतात.

घाईही खपत नाही. एक सेल तीस वेळा बिनबोभाट चार्ज झाला, तेव्हा मी पेढे आणायला निघालो. बाई म्हणाल्या, "तीस दिवस नवा जावईसुद्धा गुणाचा असतो. पाचशे होऊ देत."

पण मुंबईच्या साहेबांना बातमी लागली. ते पाहुणे, फोटोग्राफर आणि बॅटरीच्या आकाराचा केक घेऊन हजर. सेल आपल्या संथ गतीने चार्ज होत होता.

"इतका स्लो? पाहुण्यांना परत जायचंय. करंट वाढवा."

"साहेब, काटे येतील."

"बाई, जरा पॉझिटिव्ह बोला."

करंट वाढवला. केक कापेपर्यंत कॉम्प्युटरवरची व्होल्टेजची रेघ धाडकन खाली आली. सेल मेला.

पाहुणे गेल्यावर दोषी शोधणं सुरू झालं. साहेब सापडणं शक्य नव्हतं; शोधणारे तेच होते. सापडला पांडुरंग. बिरवाडीत भाड्याने राहणारा, सेल सीलबंद करणारा आमचा कंत्राटी कामगार.

"सील नीट केलं नसणार. उद्यापासून येऊ नको."

"साहेब, आठ वरसं हेच करतोय," एवढंच तो म्हणाला.

त्याच दुपारी बाईंनी लेखी अहवाल दिला : 'मिश्रणात मॅग्नेशियमचं प्रमाण माझ्याकडून चुकलं.' साहेबांना हवा तसा कागद मिळाला. प्रकल्प बाईंच्या हातून गेला. पांडुरंग राहिला.

ते मॅग्नेशियम मी स्वतः तोललं होतं. तंतोतंत होतं.

"बाई, हे खोटं आहे."

"खरं लिहिलं असतं तर साहेबांनी कागद फाडला असता, आणि पांडुरंग गेलाच असता. मला काढलं तरी कुठंही नोकरी मिळेल. त्याला कोण विचारतंय?" बाईंनी चष्मा पुसला. "आणि त्याला यातलं काय सांगायचं नाय."

पुढच्या आठवड्यात टपरीवर पांडुरंग मला म्हणाला, "चूक बाईंची, आणि नोकरी माझी जात व्हती. शिकलेल्या माणसांचं हे असं हाय."

मी चहा बशीत ओतला आणि म्हणालो, "हो ना."