रिकाम्या खुर्चीवरचा उजेड

पारसमलजींच्या घरात रिकाम्या खोलीत दिवा जळणं हे पाप होतं, आणि ते पाप त्यांची लेक रूपल रोज न चुकता करायची. न्हाणीघरातून बाहेर आली, दिवा चालूच. गच्चीवरून खाली आली, दिवा चालूच. "अरे, तिथं कोणी नाही, लाईट बंद करा!" ही पारसमलजींची आरोळी जळगावातल्या त्या अख्ख्या गल्लीला तोंडपाठ होती. रूपल जागेवरूनच "हो पप्पा" म्हणायची, आणि दिवा बिचारा सकाळपर्यंत जळायचा.

अशा मुलीनं बी.कॉम. होताच नाटकाची प्रकाशयोजना शिकायला जावं, म्हणजे काय म्हणावं! पारसमलजींचं भांड्यांचं दुकान. ते म्हणाले, "घरचे दिवे जाळून झाले, आता गावाचे जाळणार?"

"पप्पा, ते शिक्षण आहे."

"बटन दाबायला शिक्षण लागतं? बरं, एक नाटक मी बघतो. तुझं काम मला डोळ्यांनी दिसलं, तर पुढंही जा खुशाल. नाही दिसलं, तर सोमवारपासून गल्ल्यावर बसायचं. ताट विकतो तर गिऱ्हाइकाला ताट दिसतं का नाही?"

आता आली का पंचाईत! कारण रूपलचे गुरू अभिमन नाना यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "पोरी, आपलं काम प्रेक्षकाला दिसलं म्हणजे समज चुकलं."

नानांचं सगळं आयुष्य दिव्यांचा उजेड कमीजास्त करणाऱ्या डिमरच्या दांड्या वरखाली करण्यात गेलं होतं, आणि त्यांचे नियम कडक होते. पहिल्या दिवशी रूपलनं दांडी वर सरकवली, रंगमंच उजळला, आणि तिनं चटकन दोन्ही हात जोडले. दुकानात तिन्हीसांजेला दिवा लागला की सगळे जोडतात तसे. नाना कपाळावर हात मारून म्हणाले, "हात सोडले? उद्या हात जोडून उभी राहशील आणि तिकडे नायिका अंधारात मरेल. नमस्कार मनात करायचा. हात दांडीवर."

दुसरा नियम त्याहून कडक. नाना तिच्या पाठीमागे अंधारात उभे राहायचे आणि "चढव", "सोड", "बंद" असं बोलायचे. "माझा शब्द पडला की हात हलला पाहिजे. विचार मागून येऊ दे, त्याला काय गाडी पकडायची शे?" तीन महिन्यांत रूपलचा हात असा तयार झाला, की मागून कोणी शिंकलं तरी बोटं दांडीकडे जायची.

प्रयोग ठरला धुळ्याला. पारसमलजींनी आधी एकच विचारलं, "दिवस मावळायच्या आत संपतं ना? अंधार पडल्यावर मी जेवत नाही." दुपारचा प्रयोग आहे म्हटल्यावर ते निघाले. सोबत खाकऱ्याचा डबा घेतला आणि एरंडोल मागे पडायच्या आत तो संपवलासुद्धा. नाट्यगृहात तिसऱ्या रांगेत बसल्याबसल्या त्यांनी मान वळवून मागच्या केबिनकडे पाहिलं. काचेमागे रूपल त्यांना ठिपक्याएवढी दिसली.

पहिला अंक उत्तम झाला, म्हणजे पारसमलजींना काहीच दिसलं नाही. मध्यंतरात ते केबिनपाशी येऊन म्हणाले, "नाटक बरं आहे. तू काय केलंस?"

"सकाळ केली, पप्पा. मग संध्याकाळ केली."

"ती आपोआप होते," ते म्हणाले आणि जागेवर गेले. रूपलला डोळ्यांसमोर गल्लाच दिसायला लागला.

दुसऱ्या अंकात घरातले आबा मरतात. आबा झालेला प्रेमराज नाकात कापूस घालून खाटेवर पडलेला. सगळीकडे काळोख, आणि आबांच्या रिकाम्या खुर्चीवर तेवढा उजेड. सून झालेली सुलक्षणा काळोखातून त्या खुर्चीशी बोलते. तिचं बोलणं संपलं की ब्लॅकआउट, आणि ब्लॅकआउट झाला की मढ्यानं उठून विंगेत जायचं, असं ठरलेलं. नेमकी तेव्हाच पडद्याची दोरी अडकली. "आलोच," म्हणत नाना मागच्या मागे धावले.

सुलक्षणा बोलत होती, लोक डोळे पुसत होते. तिसऱ्या रांगेत मात्र पारसमलजींची चुळबुळ सुरू झाली. खुर्ची रिकामी. तिच्यावर भला मोठा दिवा. माणसं सगळी अंधारात, आणि जिथं चिटपाखरू नाही तिथं दिवा! त्यांनी सोसलं, सोसलं, आणि शेवटी जन्माची सवय उसळून वर आली.

"अरे, तिथं कोणी नाही, लाईट बंद करा!"

अंधारातून हुकमाचा आवाज आला आणि रूपलचा हात हलला. विचार मागून आला, पण तोवर नाट्यगृहात काजळी काळोख झाला होता.

ब्लॅकआउट झाला म्हणून प्रेमराज इमानदारीत उठून चालायला लागला. सुलक्षणा चाचपडत खुर्ची शोधत होती, तिच्या हाती मढ्याचं धोतर आलं. तिनं अशी किंकाळी फोडली की तशी तालमीत एकदाही जमली नव्हती. किंकाळी ऐकून रूपलचं धाबं दणाणलं आणि तिनं होत्या नव्हत्या तेवढ्या दांड्या वर ढकलल्या.

लखलखाट! मधोमध मयत आबा उभे, एका हातात धोतर. आणि लाईट आली म्हटल्यावर सवयीनं प्रेमराजनं काय केलं? धोतर सोडून हात जोडले! समोर अर्ध्या नाट्यगृहानंही जोडले. मागून कोणीतरी ओरडलं, "आबा उठना रे भो!" आणि हशाचा नुसता स्फोट झाला. विंगेत दिग्दर्शक हितेंद्र मटकन खाली बसला.

सुलक्षणा पक्की कलावंत. ती म्हणाली, "आबा, तुमचा जीव या खुर्चीतच अडकलाय ना? बसा. एकदा शेवटचं बसून घ्या." प्रेमराज मुकाट्यानं खुर्चीत बसला.

आता पाठीमागे नाना नव्हते, कोणाचा शब्द येणार नव्हता. रूपलनं दोन्ही हात दांड्यांवर ठेवले. बाकीचे दिवे तिनं हळूहळू खाली आणले, इतके हळू की हसणारे लोक कधी गप्प झाले ते त्यांनाही कळलं नाही. खुर्चीतल्या आबांवर तेवढा उजेड राहिला. मग तोही विझत गेला. आणि पुन्हा उजेड आला तेव्हा खुर्ची रिकामी होती. मागच्या रांगेतून हुंदका ऐकू आला.

"हे कोणी सांगितलं तुला?" नाना कधी येऊन उभे राहिले होते कोण जाणे.

"कोणीच नाही."

"हं," नाना म्हणाले. नाना "हं" म्हणाले म्हणजे पुष्कळ झालं.

प्रयोग संपला. पारसमलजी तरातरा मागे आले. रूपल मान खाली घालून उभी राहिली. सोमवार, गल्ला, चमचे, वाट्या, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं.

"नाना," पारसमलजींचा आवाज भरून आला होता, "वीस वर्षं मी घरात ओरडतोय. वीस वर्षं! हिनं एकदा उठून बटन दाबलं नाही. आणि आज शंभर माणसांत, एका हाकेत लाईट बंद! काय वळण लावलंत पोरीला! राहू द्या हिला तुमच्याकडे. चांगली पाच वर्षं राहू द्या."

"पप्पा, पण ते तर मी..." रूपल खरं सांगायला गेली. नानांनी तिच्या पायावर पाय दिला.

"शेटजी, बाकी काही दिसलं का?" नानांनी विचारलं.

"नाही बुवा. बाकी सगळं आपोआपच झालं."

रूपलच्या डोळ्यांत पाणी आलं, ते पायामुळे की कशामुळे, तिचं तिलाच ठाऊक. पारसमलजी खुशीत निघाले. दिवस मावळतीला आला होता, त्यांना जेवणाची घाई होती. जाता जाता रंगपटाच्या दाराशी त्यांचा हात सवयीनं भिंतीकडे गेला, खट्ट आवाज झाला आणि ते पुढे चालू लागले.

"लाईट कोनी बंद करी रे?" आतून तोंडावरचा रंग धुणारा प्रेमराज बोंबलला. "मना डोयामा साबन गयं!"

रूपल पळत गेली आणि तिनं दिवा लावला. नमस्कार मात्र मनात केला.