कामगंधाची गोळी

बायको माहेरी जाऊन आठवडा उलटला, तेव्हा मी विज्ञानाचा आधार घ्यायचं ठरवलं. (त्याआधी स्वतःच्या जोरावर प्रयत्न करून झाला होता. फोनवर "चुकलं माझं" म्हणालो. "काय चुकलं?" असं तिनं विचारलं आणि तिथंच माझी गाडी बंद पडली.)

तसं झालं होतं एवढंच, की सत्यशीलानं विचारलं, "तुमी कधी माझ्याकडं बघता तरी का?" मी मोबाइलमध्ये होतो. म्हणालो, "फॉरवर्ड कर, बघतो." दुसऱ्या दिवशी ती माहेरी, युसूफ वडगावला.

मी गेवराईत वीरभद्र अप्पांच्या कृषी सेवा केंद्रात काउंटरवर बसतो. कपाशीच्या बोंडअळीसाठी आम्ही कामगंध सापळे विकतो. त्यात एक रबरी गोळी असते. तिला मादी पतंगाचा गंध असतो आणि त्यावर बोंडअळीचे नर पतंग वेडे होऊन येतात आणि सापळ्यात अडकतात. त्याच आठवड्यात एका व्हिडिओत ऐकलं, की माणसाच्या अंगालाही असाच गंध असतो आणि नवरा-बायकोची ओढ म्हणजे सगळा त्याचाच खेळ. म्हणजे माझा संपला होता! मला जरा बरंच वाटलं. स्वभाव बदलण्यापेक्षा वास बदलणं सोपं.

"अप्पा, माणसाला असतो का हो कामगंध?"

अप्पांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "शास्त्रज्ञ अजून शोधायलेत म्हणं. माणसाचं काई खरं न्हाई. किड्याचं तेवढं पक्कं हाय."

मला फक्त 'पक्कं हाय' ऐकू आलं. गोळी मानेला, मनगटाला चोळली, शर्टाच्या खिशात टाकली आणि एसटी धरली. (तो मादीचा गंध आहे, हे मी रोज शेतकऱ्यांना ओरडून सांगतो. पण बायको नसलेल्या घरात आठवडाभर खिचडी खाल्लेल्या माणसाकडून किती अपेक्षा करायची?)

सासऱ्यांचं घर रानातच, चहूबाजूंनी कपाशी. पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. अंगणातल्या बल्बखाली खुर्ची मिळाली. सत्यशीला चहा घेऊन आली.

"कावून आलाव?"

"तुला न्यायला." मी छाती पुढं काढली, म्हणजे खिसा तिच्या जवळ जाईल.

"छातीत दुखायलंय का?"

"न्हाई गं. काही वाटतंय का तुला? आतून?"

"काय वाटायचं? चहा घ्या, निवायलाय."

एवढ्यात कॉलरवर एक पतंग बसला. मग बाहीवर दोन. मग कपाशीतून ते असे उठले, की जणू कुणी आवतणं धाडली होती. मानेवर, कानात, चहात, बोलायला तोंड उघडलं तर तोंडात! सासूबाई मुक्ताबाई दारातून ओरडल्या, "अगं बया, जावयाला कीड लागली!"

सत्यशीला पदरानं मला झोडपत होती. आठवड्यानंतर तिचा हात लागला, तो असा.

सासरे विठ्ठलराव बॅटरी घेऊन आले. मुंडासं सावरत वाकले, एक पतंग चिमटीत धरून पाहिला आणि सरळ माझ्या खिशात हात घातला. "पाहुणे, ह्ये सापळ्यात लावायचं असतंय."

सगळं सांगावं लागलं. व्हिडिओसकट. सासऱ्यांसमोर 'आकर्षण' हा शब्द उच्चारताना मला वाटलं, कपाशीवर मारायचं औषध प्यावं.

सासूबाई तोंडाला पदर लावून आत पळाल्या. सत्यशीला मात्र हसली नाही. माझ्या केसांतला पतंग काढत हळूच म्हणाली, "तुमच्या अंगाला खताच्या पोत्याचा वास येतो, लग्न झाल्यापासून. त्याच्यापायी गेले का मी? एक शब्द धड बोलला असता तर थांबले असते."

मी एक धड शब्द शोधू लागलो. शेवटी म्हणालो, "घरी कुणी बोलायला नाही. भांड्यांशी बोलतो."

तिनं पतंग पडलेला चहा अंगणात ओतला. मग म्हणाली, "सकाळच्या गाडीनं जाऊ."

मी रात्रीच साबण संपवला. सकाळी बॅग घेऊन एसटीच्या थांब्यावर आलो, तर विठ्ठलराव आडवे आले.

"सत्यशीला जाईल पुढं. तुमी चार दिस राहा, जावईबापू. काल तुमच्यावर जेवढे पतंग बसले, तेवढे अख्ख्या हंगामात सापळ्यात आले न्हाईत."

"अहो, पण आंघोळ केली मी!"

"तरी पहाटं दोन बसलेच हुते. वास मुरलाय."

सासऱ्यांना नाही म्हणण्याची आमच्याकडं पद्धत नाही. मी आशेनं सत्यशीलाकडं पाहिलं. ती एसटीत चढता चढता म्हणाली, "राहा की. माझ्या आबाचं तेवढंच काम हुईल." आणि ज्या बायकोला न्यायला आलो होतो, ती माझ्याशिवाय गेवराईला गेली.

आता सांज झाली, की कपाशीच्या मधोमध खुर्ची टाकून मी बसतो. ती गोळी पुन्हा माझ्या खिशात आहे, सासऱ्यांनीच ठेवली. काल शेजारचे मोहनराव बांधावर येऊन कितीतरी वेळ माझ्याकडं बघत उभे राहिले. मग विठ्ठलरावांना हाक मारून म्हणाले, "तुमचं झालं की आमच्या रानात लावा बरं का!"