एक, दोन, तीन, चार, ठो!

आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख तीन महिने थांबल्यावर आजची मिळाली होती आणि दहाच्या आत हॉस्पिटलात पोचायचं होतं, म्हणून वडिलांनी सकाळी आठ वाजता ठरवलं, की निघण्याआधी गाडीच्या प्लगच्या वायरी जरा पुसून घ्याव्यात.

कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. गाडी काल संध्याकाळपर्यंत व्यवस्थित चालत होती. पण निवृत्त माणसाला सुरळीत चाललेली वस्तू बघवत नाही.

वडील छत्तीस वर्षं रेकॉर्ड ऑफिसात होते. तिथे सगळे त्यांना ‘अनुक्रमांक’ म्हणत (पाठीमागे, तोंडावर ‘साहेब’). फायलींना नंबर देता देता ती सवय हाडात मुरली. घरात डब्यांना नंबर, छत्र्यांना नंबर, टॉवेलांना नंबर. मुलाच्या आयुष्यालाही त्यांनी नंबर घालून ठेवले होते: शाळा, इंजिनिअरिंग, नोकरी, लग्न. मुलानं नंबर दोन अर्ध्यात सोडला आणि कोपऱ्यावरच्या गॅरेजात कामाला लागला. त्याला आठ महिने झाले. तेव्हापासून वडील त्याच्याशी थेट बोलत नव्हते. मुलगा दोन हातांवर बसलेला असला तरी आईला सांगायचं, “त्याला सांग, पंखा बंद कर.” मुलगाही त्यांचाच. तोही आईमार्फतच उत्तर द्यायचा. (हट्ट तेवढा वारशात मिळाला होता, अक्कल त्याची त्यानं कमावली.)

तर वडिलांनी बॉनेट उघडलं, चारही वायरी एकदम उपटल्या, टॉवेल नंबर चारनं लख्ख पुसल्या, आणि ज्या काळ्या झाकणातून चारही सिलिंडरना ठिणगी वाटली जाते त्यात गोल फिरत ओळीनं बसवल्या. एक, दोन, तीन, चार. कसं शिस्तीत! मग चावी फिरवली.

गाडी खोकली, अंगात आल्यासारखी हलली आणि मागून म्हणाली, ठो!

“अहो, काय फोडलंत?” आई दारात आली.

“काही नाही. कचरा होता, निघाला.”

ठो!

“अजून किती आहे?”

सव्वानऊपर्यंत कचरा निघत राहिला. शेवटी मुलगा चहाचा कप घेऊन बाहेर आला आणि इंजिनात डोकावला.

“आई, त्यांना विचार, वायरी काढताना खुणा केल्या होत्या का?”

“त्याला सांग, मला खुणा लागत नाहीत. एक दोन तीन चार लावल्यात.”

“त्यांना सांग, हे इंजिन एक, तीन, चार, दोन असं पेटतं.”

वडिलांना हा आकड्यांचा अपमान वाटला. “त्याला विचार, दोननं काय घोडं मारलंय?”

“दोन आणि तीनचे पिस्टन जोडीनं वर येतात, जोडीनं खाली जातात,” मुलगा कपाशी बोलल्यासारखा म्हणाला. “दोन पेटल्यावर लगेच तीनला ठिणगी दिली, तर तेव्हा तो खाली असतो. त्याची वेळच झालेली नसते. मग पेट्रोल भलत्या वेळी, भलत्या जागी पेटतं. आज नुसता आवाज झाला, उद्या सायलेन्सर फाटेल. प्रत्येक इंजिनचा क्रम ठरलेला असतो, तो बनवताना ठरतो. आपल्याला वाटला म्हणून बदलत नाही. मालकाला बाकी काही कळलं नाही तरी चालतं. एका वेळी एकच वायर काढावी, एवढं कळलं तरी पुष्कळ.”

वडील वायरींकडे बघत राहिले. नंबर म्हणजे रांगेतली जागा, एवढंच त्यांना ठाऊक होतं. ज्याला नंबर दिला तो त्या वेळी वर आहे की खाली, हे त्यांनी कुठल्या फायलीला विचारलं नव्हतं. फायलीचं सोडा.

“एक तशीच ठेवायची,” मुलगा म्हणाला. “तिच्यापुढे तीन, मग चार, मग दोन.”

वडिलांनी स्वतःच्या हातानं वायरी बदलल्या. “त्याला विचार, चालू करू का आता?”

उत्तर नाही.

“अगं, विचार ना!”

दोघांनी वळून पाहिलं. दाराला कुलूप होतं आणि पायरीवर ठेवलेली आईची हॉस्पिटलची पिशवी गेली होती. तेवढ्यात वडिलांचा फोन वाजला.

“टॅक्सीनं पोचले मी,” आई म्हणाली. “आत घेतायत. सही करायला घरचं माणूस लागेल, लवकर या.”

“अगं, पण त्याला सांग...”

“आता माझा डोळा झाकणार आहेत. तुमचं तुम्ही बघा.” फोन बंद.

वडील मुकाट्यानं आत बसले. चावी फिरवताच इंजिन मांजरासारखं गुरगुरायला लागलं. मुलगा शेजारी येऊन बसला. वडिलांनी स्टिअरिंग धरलं, पण गाडी हलवेनात. बराच वेळ नुसते समोर बघत राहिले. का, ते मुलाला माहीत होतं, पण तो हट्टानं गप्प बसला. यांना तोंड आहे, वापरू देत.

वडिलांनी घसा साफ केला. आठ महिन्यांत पहिल्यांदा ते थेट मुलाकडे वळले.

“अरे,” ते म्हणाले, “मला समोरचं काहीच दिसत नाहीये.”

“बॉनेट उघडं आहे, बाबा.”