दमूकाकांचा थंड उजेड

"लाइट बंद कर गं, उजेड बघायचाय!" असं म्हणत दिवेलागणीला दार वाजवणारा माणूस आमच्या चिंचणीत एकच. शेजारचे दमूकाका. जन्मभर विजेच्या खांबांवर चढले, डहाणू-तलासरीच्या पाड्यापाड्यांत तारा ओढून रिटायर झाले, आणि आता आमचेच बल्ब विझवत फिरतात.

कारण काजवे. मे सरता सरता मागच्या चिकूवाडीत काजवे आले की काका आम्हाला कुंपणाशी उभं करतात. "याच्या पोटात दोन रसायनं. हवा लागली की जमतं त्यांचं, उजेड पडतो. बल्ब धर, हात भाजेल. हा बघ, थंडगार! खांब नाय, तार नाय, फ्यूज नाय." एकदा तर त्यांनी काजव्याला टेस्टर लावला. टेस्टर काही पेटला नाही. "लिकेज पण नाय!" काका खूश.

काकी मात्र बाहेर यायची नाही. दोन वर्षांपूर्वी तिला अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, पण तोंड वाकडं राहिलं. मासळीबाजारात सगळ्यांशी हुज्जत घालणारी बाई, ती ओटीवरही येईना. कुणी भेटायला गेलं की पदर ओढून भिंतीकडे वळायची.

गेल्या डिसेंबरात एका संध्याकाळी किनाऱ्यावरून हाक आली, "पाणी पेटलंय!" लाटा फुटत होत्या त्या निळ्या. काका किनाऱ्यालगतच्या घराघरांत धावले. "पाण्यात बारीक जीव आहेत, पाणी हललं की उजळतात. अर्धा तास लाइट घालवा." लोक हसले, पण त्यांनी दिवे घालवले. मीही वाळूत उतरले.

थोड्या वेळाने काका आले. त्यांचा हात धरून काकी. इतक्या काळोखात कुणाला कुणाचं तोंड दिसत नव्हतं.

काकीने पाण्यात पाऊल टाकलं. पावलाभोवती निळा उजेड फुलला. तिने दुसरं टाकलं. मग पाय आपटत खुदकन हसली. बाजूला बाजारातल्या एका ओळखीच्या बाईचा आवाज आला, तशी तिने हाक मारली.

"कोण, शेवंती काय? जवळ ये ना. पोरगी कितवीत गेली तुझी?" जीभ जड होती, पण बोलणं थांबेना. मुलीचं झालं, सासूचं झालं, पापलेटच्या भावावर आली.

तेवढ्यात वाळूवर एक मोटारसायकल उतरली. हेडलाइट आमच्याकडे वळणार, तोच काका हात पसरून आडवे गेले.

"थांब रे दोन मिनिटं," ते हळूच म्हणाले. "बायको बोलतेय माझी."