होडीच्या स्कर्टाची ट्रायल

टेलरला होडीतून बाहेर पडता येईना, तेव्हा दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं झाली होती आणि होडी पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये, सोफा आणि टीव्हीच्या मध्ये होती. खाली पाणी नव्हतं. नुकतीच पुसलेली फरशी होती.

आता पन्नाशी उलटलेला, तीस वर्षं त्याच इमारतीच्या तळमजल्यावर दुकान चालवणारा अब्रूदार माणूस होडीत शिरलाच कशाला, हे सांगायला हवं. टेलरची लेक होडी चालवायची. शांत तळ्यात चालवली असती तर कुणाचं काही म्हणणं नव्हतं. ही चालवायची डोंगरातल्या ओढ्यात. ओढा अरुंद, जवळजवळ उभा, दोन्ही बाजूंना कातळ, आणि पाणी एका टप्प्यावरून दुसऱ्यावर आदळत खाली येतं. त्या पाण्याबरोबर ही एकटी त्या चिंचोळ्या होडीत बसून खाली येणार. ती त्या होडीला कयाक म्हणायची. टेलरनं हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यानं तिथल्या तिथं जाहीर करून टाकलं, "या घरात त्या होडीचा विषय नको!"

विषय बंद झाला, पण टेलर मुळातच चौकस. समोरच्याच्या अंगात दुसऱ्या टेलरचा कोट दिसला, तर बोलता बोलता त्याची कॉलर उलटून आतली शिवण बघणारा. लेक हॉलमध्ये होडी पुसत बसली की हा वर्तमानपत्राच्या कडेवरून बघत राहायचा. ती पाय कुठे ठेवते? वळते कशी? उलटली तर काय करते? पण बंदी यानंच घातलेली. विचारायचं कोणत्या तोंडानं?

त्या दिवशी सकाळी लेक दुकानात आली आणि तिनं एक काळं, जाड, रबरी कापड टेबलावर टाकलं.

"बाबा, स्कर्टाची कमरेची शिवण उसवलीय. चार वाजता निघायचंय."

"स्कर्ट? तू कधीपासून स्कर्ट घालायला लागलीस?"

"होडीचा स्कर्ट. कमरेत घालायचा आणि खालची कड होडीच्या बैठकीच्या तोंडाभोवती ताणून बसवायची. मग आत पाणी येत नाही. दुसरा नाहीये माझ्याकडे. हा नसला तर मला कुणी पाण्यात उतरू देणार नाही."

दोन वर्षं ती या ओढ्यासाठी घाम गाळत होती, आणि चौघांच्या चमूत तिला पहिल्यांदाच घेतलं होतं. टेलरच्या मनात सतरा प्रश्न उभे राहिले. तो एवढंच म्हणाला, "ठेव तिथं."

मग त्यानं काम असं केलं की विचारू नका. कमरेची शिवण दुहेरी घातली. कडेचं इलॅस्टिक सैल वाटलं, म्हणून ते दोन बोटं आत घेतलं. पुढच्या बाजूला एक वीतभर पट्टा नुसताच लोंबत होता. लोंबणारी वस्तू टेलरला सहन होत नसे. त्यानं तो पट्टा आत दुमडला आणि वरून अशी तुरपाई केली की तिथं कधी पट्टा होता हे कुणाला सांगूनही पटलं नसतं.

राहिली ट्रायल. ट्रायल घेतल्याशिवाय तीस वर्षांत त्याच्या दुकानातून साधं पोलकंसुद्धा गेलं नव्हतं. लेक मित्रांची जीप आणायला गेली होती. साडेतीनला वकीलबाई कोटाच्या ट्रायलला येणार होत्या. अजून वेळ होता. टेलरनं दुकानाला कुलूप लावलं, किल्ली पँटच्या खिशात टाकली, वर आला, स्कर्ट कमरेत चढवला आणि होडीत बसला. आधी मागची कड बसवली, मग बाजूच्या, शेवटी दात-ओठ खाऊन पुढची. कड खट्कन बसली. हातात वल्हं घेऊन त्यानं हवेत दोन हात मारूनही बघितले. खोटं कशाला बोला, त्याला बरं वाटलं.

मग उठायला गेला, तर होडीच त्याच्याबरोबर उठायला लागली.

"अगं ए! जरा इकडे ये!"

बायको हात पुसत आली आणि दारातच थांबली. "हे काय चाललंय?"

"ट्रायल. जरा ही कड ओढ."

तिनं कड ओढली. मग होडीवर पाय रोवून ओढली. टेलरनं दोन बोटं आत घेतलेलं इलॅस्टिक तसूभर हललं नाही. "थांबा, सुरी आणते," ती म्हणाली.

"खबरदार कापलंस तर! पोरीला चारला निघायचंय!"

"मग टाके उसवू. ती उसवायची आकडी कुठंय?"

"दुकानात."

"किल्ली?"

टेलरनं स्कर्टाकडे बोट दाखवलं. बायकोनं कपाळावर हात मारून घेतला.

तिनं समोरच राहणाऱ्या इंजिनिअरसाहेबांना बोलावलं. त्यांनी उभा जन्म पूल बांधण्यात घालवला होता आणि निवृत्तीनंतर त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. ते धावत आले. चष्मा पुसून त्यांनी होडीभोवती एक फेरी मारली.

"भार कुठे पडलाय ते दिसत नाही. इथं उजेड कमी आहे. जिन्याच्या खिडकीपाशी घेऊ."

"उचलायचं यांना?"

"उचलायचं कशाला? सरकवू. वहिनी, तुम्ही पुढून ओढा, मी मागून लोटतो."

पुसलेली फरशी आणि गुळगुळीत होडी. इंजिनिअरसाहेबांनी हिशेब केला होता दोन माणसांच्या जोराचा. अर्ध्याच माणसाचा पुरला असता. होडी सरसरत दाराबाहेर आली, बायकोनं जेमतेम बाजूला उडी मारली आणि होडीचं नाक पहिल्या पायरीच्या पुढे अधांतरी आलं.

"धरा! अहो धरा!" टेलर ओरडला.

इंजिनिअरसाहेबांनी धरलं, पण त्यांच्या हातात फक्त टेलरच्या गळ्यातली मापाची टेप आली. तीही हातातून निसटली.

तो जिना अरुंद आणि उभा, मध्ये एक वळण. पहिल्या नऊ पायऱ्या होडीनं धडाधड उतरल्या आणि प्रत्येक पायरीला टेलरच्या तोंडून "अगं आई!" निघालं. वळणावर नाक कोपऱ्यात आदळलं. तिथं ती थांबली असती, पण टेलरनं जीव मुठीत धरून वल्हं भिंतीला टेकवलं आणि जोर दिला. होडी गर्रकन फिरली आणि उरलेला जिना मागच्या बाजूनं उतरली. आपण कुठे चाललोय हे न बघता खाली जाणं कसं असतं, या प्रश्नाचं उत्तर त्याला तिथं मिळालं.

खाली वकीलबाई दुकानाचं कुलूप बघत उभ्या होत्या. होडी त्यांच्या पायाशी येऊन थांबली.

"माझा कोट झाला का हो?" त्यांनी विचारलं. दुसरं काय विचारावं हे त्यांना सुचलं नसावं.

"अजून एक बाही राहिलीय," टेलर म्हणाला.

तेवढ्यात जीप आली. लेक उतरली. मागोमाग चमूचा दाढीवाला म्होरक्या आणि आणखी दोघं उतरली. दाढीवाल्याला हसू आवरेना. लेक मात्र हसली नाही. ती गुडघ्यावर बसून होडीच्या पुढच्या कडेवर हात फिरवत होती.

"बाबा, इथला पट्टा कुठंय?"

"आत घेतला. शोधून दाखव बरं! इतकी सफाई आहे."

लेकीचा चेहरा उतरला. "बाबा, होडी उलटली की डोकं पाण्याखाली असतं. सरळ करता आली नाही, तर तो पट्टा ओढायचा. तो ओढला की स्कर्ट सुटतो. बाहेर पडायची तेवढीच वाट."

दाढीवाल्याचं हसू जागच्या जागी विरलं. टेलरनं स्वतःच्याच तुरपाईवरून बोट फिरवलं.

"आणि पट्टा हाताला लागलाच नाही तर?"

"कड बाजूनं मुठीत धरायची आणि गुडघा वर मारायचा. बघू या. उजवा गुडघा, जोरात!"

टेलरनं गुडघा मारला. तिघांनी कड ओढली. पाच-सहा झटक्यांनंतर स्कर्ट सुटला आणि टेलर फुटपाथवर बसला. तो घड्याळाकडे बघत होता.

"हे कोरड्यात, तिघं ओढत असताना, दोन मिनिटं," तो हळूच म्हणाला. "आणि मी हा तुला तसाच देणार होतो गं."

लेकीनं त्याचा खांदा घट्ट दाबला.

मग तो उठला, किल्ली काढली आणि दुकानात शिरला. इलॅस्टिक मोकळं केलं. पट्टा बाहेर काढलाच, शिवाय त्यावर हातभर लालभडक पट्टा चढवला आणि पाच टिपा मारल्या. पंधरा मिनिटांत तो परत फुटपाथवर हजर.

"बस होडीत."

"बाबा, चार वाजून गेलेत."

"ट्रायलशिवाय माल जात नाही!"

फुटपाथवर गोधडी अंथरली. लेकीला होडीसकट आडवं केलं, डोळ्यांवर रुमाल बांधला आणि टेलर ओरडला, "ओढ!" स्कर्ट एका झटक्यात सुटला. त्याचं समाधान होईना. उजव्या हातानं, डाव्या हातानं, असं सात वेळा झालं. मग आजवर दाबून ठेवलेले सतराच्या सतरा प्रश्न त्यानं एका दमात विचारले आणि लेकीनं, आश्चर्यानं का होईना, सगळ्यांची उत्तरं दिली.

दाढीवाला खाकरला. "काका, माझाही पट्टा जरा बघता का? एक टाका गेलाय वाटतं."

जीप निघाली साडेपाचला.

सोमवारी संध्याकाळी लेक परत आली. काळवंडलेली, दमलेली, पण तोंडभर हसत. टेलर मशीनवरून उठला नाही. खाली मान घालून त्यानं विचारलं, "पट्टा ओढावा लागला?"

"एकदा. खालच्या टप्प्यावर."

मशीन थांबलं. "किती वेळ लागला?"

"एक झटका, बाबा."

टेलरनं चष्मा काढून पुसला आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी वकीलबाई कोट न्यायला आल्या. फिटिंग उत्तम होतं. दोन्ही बाह्या जागेवर होत्या. फक्त आत हात घातला, तर अस्तराच्या डाव्या बाजूला काहीतरी हाताला लागलं. त्यांनी ओढून बाहेर काढलं. हातभर लालभडक पट्टा.

"हे काय हो टेलर?"

"असू द्या बाई," टेलर टेप गुंडाळत म्हणाला. "कोर्टात तरी कधी काय उलटेल, सांगता येतं का?"